घाट आधी उतरायचा, मग चढायचा

डोंगर ओलांडायचा म्हणजे आधी धापा टाकत माथा गाठायचा आणि मग पलीकडे सुसाट उतरायचं. सगळ्या जगात क्रम हाच. पिंपरी-चिंचवड आणि चाकणवाल्यांचा तेवढा उलटा. चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, लोणावळा सव्वासहाशेच्या घरात. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून जुन्या हायवेने देहूरोड, सोमाटणे फाटा, वडगाव, कामशेत, कार्ला करत चाळीसेक किलोमीटर पायडल मारलं, तरी निव्वळ चढ भरतो शंभर मीटरच्या आतच. खंडाळा ओलांडला की मात्र रस्ता पायाखालून निसटतो आणि खोपोलीला जाऊन थांबतो, जवळजवळ समुद्राच्या पातळीला.

म्हणजे जाताना सगळं फुकट, बिल परतीला. मुंबईचा सायकलवाला सकाळच्या गारव्यात घाट चढतो आणि लोणावळ्यात ऐटीत चहा पितो. आपला माणूस त्याच गारव्यात खोपोलीपर्यंत घरंगळत जातो, मिसळ हाणतो आणि दहाच्या उन्हात वर बघतो. पायी जाणाऱ्यांचंही तेच. कामशेत-तळेगावकडून घाटवाटेने उतरून कर्जत गाठणारी मंडळी ‘आज फक्त उतार आहे’ म्हणून निघतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतात. उतारावर मांडीचे स्नायू आखडण्याऐवजी ताणले जात काम करतात, आणि सगळ्यात जास्त ठणकतात ते असेच ताणलेले स्नायू.

ही उलटापालट लाव्हाने करून ठेवली आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. त्याची पूर्वेकडची बाजू अलगद कलते, पश्चिमेची कड तुटते. आपले कारखाने अलगद बाजूला आहेत.

दीड वडापावचा घाट

थोडं गणित करू, दहावीच्या विज्ञानातलं. सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि स्वार मिळून 85 किलो धरा. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत त्यांना 500 मीटर उचलायचं तर लागतात सुमारे 4 लाख ज्यूल. शरीर खाल्लेल्या अन्नाचा चौथा-पाचवा हिस्साच पायडलपर्यंत पोहोचवतं, बाकीचा घामावाटे जातो. तेव्हा हिशोब येतो चारशे-साडेचारशे कॅलरींचा. एक वडापाव तीनशेच्या आसपास. सबंध बोरघाट म्हणजे दीड वडापाव! घाट चढून आल्याबद्दल स्वतःला दोन वडे, एक भजी प्लेट आणि चिक्कीचा पुडा बहाल करणाऱ्यांनी हा आकडा वाचून विसरून जावा.

उतरतानाचा हिशोब जास्त गमतीचा आहे. तेच 4 लाख ज्यूल आता कुठेतरी जायला हवेत. काही हवा खाते, उरलेले ब्रेक. सगळेच्या सगळे ब्रेकमध्ये उतरले असं धरलं, तर त्या उष्णतेत सव्वा लिटर पाण्याला उकळी फुटेल, म्हणजे दहा-बारा कटिंग. म्हणून घाटात ब्रेक धरून ठेवायचा नसतो. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. रिमला ब्रेक असलेल्या सायकलची रिम खाली पोहोचल्यावर हात लावून बघू नये.

एक्स्प्रेस-वेवर सायकलला बंदी आहे, मोटरसायकललाही. 2002 पासून वाहता असलेला हा रस्ता सायकलवाल्याच्या कामाचा एवढ्यासाठीच, की मोठी गर्दी तिकडे ओढली गेली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. शर्यत कोण जिंकलं हे पुष्कळदा विसरलं जातं. घाटाचा राजा कोण, हे जुनी मंडळी विसरत नाहीत.

दोन तुकड्यांची आगगाडी

मुंबईहून पुण्याला पहिली काही वर्षं आगगाडी दोन तुकड्यांत धावत होती. खंडाळा ते पुणे हा मार्ग, चिंचवडसकट, जून 1858 मध्ये सुरू झाला. खालची गाडी घाटाच्या पायथ्याशी येऊन थांबायची. मधला घाट? तो पालखीने, तट्टावरून, बैलगाडीतून किंवा पायी. तिकीट रेल्वेचं आणि मधे सक्तीचा ट्रेक. अखंड मार्ग खुला झाला 21 एप्रिल 1863 रोजी.

मधल्या त्या पंचवीसेक किलोमीटरला सात वर्षं लागली. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि भर कामात 42,000 मजूर. पटकी, ताप, सुरुंगांचे अपघात यांत किती जण दगावले याचा विचार बोगद्यातून जाताना सहसा कोणी करत नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये मुंबईत उतरला आणि काही दिवसांतच वारला. त्याची बायको अॅलिस मायदेशी परत गेली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, हाताखाली दोन जाणकार इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेलं. व्हिक्टोरियाच्या काळातली एक विधवा आणि तिच्या कंत्राटावर बेचाळीस हजार माणसं! या बाईवर अजून कोणी मराठीत नाटक का लिहिलं नाही, कळत नाही.

पूल मात्र सगळे टिकले नाहीत. त्यातला एक, माहू-की-मळीचा, चारच वर्षांत, जुलै 1867 मध्ये कोसळला.

रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ 37 फुटांमागे 1 फूट. सायकलवाला याला चढ म्हणणारच नाही. रस्त्याच्या काही वळणांवर याच्या दुपटीहून जास्त चढ आहे. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, त्यामुळे गाडीला तेवढाही जड जातो. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि ढकलत वर आणतात. पूर्वी तर घाटात एक उलटफेर स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन शेपटाकडे जायचं आणि शेपूट पुढे करून गाडी उरलेला डोंगर चढायची. ही कसरत 1920 च्या दशकाच्या अखेरीस संपली. 1 जून 1930 ला दख्खनची राणी सुरू झाली ती विजेवरच.

वाट दाखवणारा देव आणि डोकेदुखीचा पूल

बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. ट्रकवाले वेग कमी करून नाणं टाकतात, सायकलवाले दम खायला थांबतात. कथा अशी सांगतात, की इंग्रजांना घाटातून वाट सापडत नव्हती, शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली, आणि बक्षिसाऐवजी त्याला गोळी मिळाली. कागदोपत्री काय सापडतं ते इतिहासवाल्यांनी बघावं. गुराखी आणि धनगरांच्या पायवाटांवरच पुढचे रस्ते आले, एवढं घाटात फिरणाऱ्या कोणालाही पटतं.

बैलगाडी जाईल असा रस्ता या घाटात 1830 साली झाला, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात. त्याच वेळचा एक दगडी पूल पुढे 190 वर्षं उभा होता. त्याच्यावर कधीतरी डोकेदुखीच्या मलमाची जाहिरात लागली आणि पूल ‘अमृतांजन पूल’ झाला. खालच्या वाहतूक कोंडीशी हे नाव इतकं जुळलं की कोणाला बदलावंसं वाटलं नाही. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीने रस्ता रिकामा मिळाला, तेव्हा तो पाडला.

एकोणीस हजार बैल

घाटातल्या कोंडीचा विक्रम मात्र एक्स्प्रेस-वेच्या नावावर नाही. 1778 च्या हिवाळ्यात इंग्रजांची फौज पुण्यावर चालून निघाली. माणसं चारेक हजार आणि त्यांचं सामान ओढायला बैल जवळपास 19,000. हे लटांबर बोरघाट चढून वर आलं आणि पुढे खंडाळा ते कार्ला या सपाट पट्ट्यात दिवसाला जेमतेम एक-दीड किलोमीटर सरकू लागलं. आज सायकलवर हा सगळा पट्टा अर्ध्या-पाऊण तासाचा. दरम्यान मराठ्यांच्या तुकड्या आजूबाजूच्या डोंगरांतून टिपत राहिल्या, आणि जानेवारी 1779 मध्ये वडगाव मावळात इंग्रजांना तह लिहून द्यावा लागला.

त्या फौजेत कॅप्टन स्टुअर्ट नावाचा एक अधिकारी होता, धाडसी इतका की मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ अशी पदवी दिली. तो कार्ल्याजवळ पडला. वडगावात त्याचं थडगं दाखवतात आणि गावाने त्याला जवळपास ग्रामदैवतात जमा करून टाकलं आहे. शत्रूच्या शौर्याला नवस बोलणं मावळालाच जमतं.

त्याआधी शंभरेक वर्षं याच कडेवरून आणखी एक फौज खाली उतरली होती. मुघल सरदार कारतलब खान पुण्याहून निघाला आणि लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटातून कोकणात उतरू लागला. घाट अरुंद, खाली झाडी दाट, तोफ फिरवायला जागा नाही. फेब्रुवारी 1661 मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला असा कोंडला की रायबागन या त्याच्या सोबतच्या सरदार बाईने शरण जायचा सल्ला दिला. खानाने तो ऐकला, खंडणी भरली आणि जीव घेऊन गेला. कुरवंडे घाट आजही चालत उतरता येतो. शेजारी नागफणीचा सुळका आहे. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं, आपल्याला नागाचा फणा. फणाच बरोबर वाटतो.

नळाचं पाणी कुठल्या समुद्राचं?

घाटमाथ्यावर पाऊस पडतो तेव्हा थेंबाला एक निर्णय घ्यावा लागतो. कडेच्या अलीकडे पडला तर पवना किंवा इंद्रायणी, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी थेट बंगालचा उपसागर. हजारापेक्षा जास्त किलोमीटर. चार पावलं पलीकडे पडला तर उल्हास किंवा अंबा धरून दोन-तीन दिवसांत अरबी समुद्र. इंद्रायणीचा उगम याच कुरवंड्याच्या बाजूला. आळंदी-देहूची नदी निघते ती बरोबर कड्याच्या काठावरून, आणि तोंड मात्र पूर्वेकडे करते.

यात टाटांनी ढवळाढवळ केली. वळवण, शिरवता, लोणावळा या तलावांत पूर्वेकडे जाणारं पाणी अडवलं, नळांतून कड्याखाली सोडलं, आणि 1915 मध्ये खोपोलीला वीज तयार झाली. काम झालेलं पाणी पाताळगंगेला मिळतं. बंगालच्या उपसागराला निघालेला थेंब वाटेत नोकरी करून अरबी समुद्रात निवृत्त होतो. 1922 मध्ये आंदर मावळातल्या ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरी सुरू झालं, 1927 मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा. मुळशीच्या धरणाखाली गावं आणि जमिनी जाणार म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये सत्याग्रह झाला. हिंजवडी-वाकडकडून ताम्हिणी घाटात जाणारे सायकलवाले जिथे थांबून फोटो काढतात, त्या पाण्याखाली ही सगळी गावं आहेत.

पिंपरी-चिंचवड पितं ते मुख्यतः पवनेचं पाणी. धरणातून नदीत सोडलेलं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचललेलं. पावसाचा फरक बघा. लोणावळ्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या पुढे पडतो, पुण्यात 700 च्या आसपास. ढग कड्यावर आपटून जवळजवळ सगळं तिथेच ओततात आणि आपल्याकडे पोहोचेपर्यंत त्यांच्याकडे गडगडाट तेवढा उरतो.

चाकणहून भीमाशंकरकडे

चाकण म्हणजे गाड्यांचे कारखाने आणि कांद्याचा बाजार, एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. 1453 मध्ये बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने चाकणला तळ ठोकला. कोकण जिंकायचं होतं. शिर्क्यांचा राजा त्याच्या हाती लागला, वाटाड्या व्हायला कबूल झाला आणि म्हणाला, आधी खेळण्याच्या शंकररायाचा समाचार घेऊ. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. वाटाड्याने फौज अशा रानात नेली की माणूस दिसेना, वाट दिसेना. रात्री बरंचसं सैन्य सरदारासकट कापलं गेलं. स्थानिक वाटाड्या नीट निवडावा, हे ट्रेकच्या ग्रुपवर पाठवायला याहून जुनं उदाहरण मिळणार नाही.

चाकणच्या संग्रामदुर्गाने 1660 मध्ये शाइस्तेखानाला जवळपास दोन महिने झुंजवलं. फिरंगोजी नरसाळा किल्लेदार, सोबत मूठभर माणसं, किल्ला सपाट जमिनीवरचा. आज त्याच्या शेजारून कंटेनर जातात.

चाकणहून भीमाशंकरची सायकलवाट राजगुरुनगरवरून निघते. राजगुरुनगर म्हणजे जुनं खेड, हुतात्मा राजगुरूंचं गाव. पुढे भीमेकाठचं चास, थोरल्या बाजीरावाच्या काशीबाईंचं माहेर. चासकमान धरण मागे टाकलं की भातखाचरं सुरू होतात, नंतर रान. डोंगराखालून, कर्जतच्या खांडसकडून येणाऱ्यांना दोन वाटा: गणेश घाट लांब आणि सोपा, शिडी घाट जवळचा आणि नावाप्रमाणे शिड्यांचा. पावसाळ्यात शिडी घाटाच्या नादी लागू नये. वन खातं तेव्हा वाटा बंद करतं, ते उगाच नाही.

भीमाशंकर अभयारण्य 1985 चं, सुमारे 131 चौरस किलोमीटरचं, आणि त्याचा मालक शेकरू. राज्यप्राणी असलेली ही तांबूस खार जमिनीवर उतरायचं टाळते, एका झेपेत वीसेक फूट पार करते आणि एकटी असूनही तीन-चार घरटी बांधून ठेवते. फ्लॅटच्या आजच्या किमती बघता हेवा वाटण्यासारखंच. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात जी आंतरराष्ट्रीय पुणे ग्रँड टूर सायकल शर्यत झाली, 437 किलोमीटरची, तिचं बोधचिन्हही शेकरूच, नाव ‘इंदू’. झाडावरून सहसा न उतरणाऱ्या प्राण्याला सायकलवर बसवायची कल्पना ज्याला सुचली तो नक्की घाट चढलेला असणार.

याच रानात पावसाळ्यात कुजलेलं लाकूड रात्री हिरवट चमकतं. भूत वगैरे काही नाही, बुरशी असते. टॉर्च बंद केल्याशिवाय दिसत नाही, आणि टॉर्च बंद करायला ग्रुपमधला एक तरी तयार नसतो. देवळापुढची मोठी घंटा पोर्तुगीज आहे, वसईच्या मोहिमेनंतर चिमाजीअप्पांनी वाहिलेली.

जाता जाता आणखी काही

नाणेघाटात जकातीचा रांजण म्हणून दाखवतात तो दगडी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका, फास्टॅग नसलेला. शेजारच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात किती गायी, किती घोडे, किती नाणी दान केली याची यादी, आकड्यांसकट. भारतात आकडे असे कोरून ठेवल्याच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी हा एक. पावसाळ्यात इथला धबधबा वाऱ्याने उलटा वर उडतो, त्याखाली सगळे भिजतात आणि लेख वाचायचा राहून जातो.

कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते, फुलली की मरते. एरवी तिच्या काटक्यांना माती लिंपून भिंती करतात, आणि घसरड्या वाटेवर हाताला पहिली कारवीच लागते.

पहाटे घाटात कोणी पोरगा रमतगमत शीळ घालतोय असं वाटलं तर शोधू नका. तो शीळकरी कस्तूर, पक्षी आहे.

कार्ल्याच्या चैत्यातले काही खांब धेनुकाकट गावच्या ‘यवनां’नी दान केले, तसं खांबांवरच कोरलं आहे. घाटातून ये-जा करणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांचं प्रायोजकत्व इतकं जुनं आहे.

भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर, तुकोबांचे तिन्ही डोंगर या औद्योगिक पट्ट्यातच आहेत आणि तिन्हींवर कोरीव लेणी आहेत. भामचंद्रावरून खाली चाकण एमआयडीसीचे पत्रे चमकताना दिसतात. ज्यांना पूर्ण घाट झेपणार नाही त्यांनी सुरुवात घोराडेश्वरापासून करावी. तो जुन्या हायवेला लागूनच आहे आणि पायऱ्या आहेत.

लोहगड जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, शिवरायांच्या आणखी अकरा किल्ल्यांबरोबर. चिंचवडहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं आणि चालायला लागायचं. जागतिक वारसा लोकलच्या तिकिटात, हे भाग्य फार थोड्या गावांचं.

कामशेतहून जांभिवली गाठली की ढाकच्या बहिरीची वाट लागते. कातळात खोदलेल्या पावठ्या, दोर, एके ठिकाणी झाडाचं खोड, आणि खाली नुसती हवा. वर कपारीत बहिरीचं ठाणं, थंड पाण्याचं टाकं आणि देवाची भांडी. भांडी कोणीही वापरावीत, स्वयंपाक करावा, घासून जागच्या जागी ठेवावीत. खाली नेली तर बहिरी बघून घेतो. सीसीटीव्ही नाही, पावती नाही, भांडी आहेत तिथेच आहेत.

आणि गर्दी टाळायची तर वार निवडा. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. विजेचा भार वाटून घेण्यासाठी पडलेली ही जुनी पद्धत आहे. पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांनी शनिवार-रविवारी लोहगडाच्या दरवाजात रांगा लावाव्यात. कंपनीतला फिटर गुरुवारी सकाळी पहिल्या लोकलने मळवलीला उतरतो, दुपारी भाजे गावात पिठलं-भाकरी खातो आणि शुक्रवारच्या फर्स्ट शिफ्टला वेळेवर हजर असतो.